नदीने दिलेली हाडे : ओळख आणि नोंद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



जीवाश्म हा शब्द पाठ्यपुस्तकातून आला असला, तरी जीवाश्माची ओळख मराठी घराला नवी नाही. देवघरातील शाळिग्राम हा गंडकी नदीच्या पात्रातून येतो आणि त्याच्या अंगावरील चक्र ही कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात वावरणाऱ्या अमोनाइट या शिंपलाधारी प्राण्याची खूण असते. हिमालयाच्या उंचीवर एके काळी समुद्राचा तळ होता, याचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या तुळशीपत्राखाली पूजला गेला. वस्तू श्रद्धेने जपली गेली. तिच्या पोटातील इतिहास मात्र फार उशिरा वाचला गेला.

बेळगाव-निपाणीच्या परिसराला नद्यांची वाण नाही. वेदगंगा आणि दूधगंगा एकत्र होऊन कृष्णेला मिळतात. हिरण्यकेशी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेकडे जाते. मार्कंडेयही घटप्रभेलाच मिळते. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. उन्हाळ्यात पात्रे आटली, किंवा पुरानंतर दरडी ढासळल्या, की वाळूत, गोट्यांत, काठाच्या गाळात कधी एखादे जड, काळपट हाड दृष्टीस पडते. ते हाड कोणाचे, किती जुने, आणि त्याचे करायचे काय, या तीन प्रश्नांभोवती प्रस्तुत विषय फिरतो. त्यातही माशाचे हाड ओळखणे हे सर्वांत अवघड. कारण माशाच्या शरीरात शेकडो लहानमोठी हाडे असतात आणि त्यांतील बहुतेकांचे आकार सामान्य माणसाने ‘हाड’ म्हणून कधी पाहिलेलेच नसतात.

या प्रश्नांचा एक धडा याच जिल्ह्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिला आहे. रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी १८५८ साली सेवेत दाखल झाले. मद्रासजवळील पल्लावरम येथे १८६३ साली त्यांना अश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारताच्या प्रागितिहासाचे दार उघडले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्याच फूटसाहेबांनी दक्षिण महाराष्ट्राचा हा मुलूख पायाखाली घातला होता आणि गोकाकजवळील चिकडौली येथे, घटप्रभेच्या खोऱ्यातील गाळात, त्यांना गेंड्याचे अश्मीभूत अवशेष मिळाले होते, ही गोष्ट मात्र बेळगावातही फारशी कोणास माहीत नसते. १८७४ साली ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ या सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत त्यांनी त्या प्राण्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले. दोन वर्षांनी, १८७६ मध्ये, दक्षिण महाराष्ट्राच्या भूरचनेवरील त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला.

आज गेंडा पाहायचा तर आसामात किंवा उत्तर बंगालात जावे लागते. गोकाकच्या आसपास गेंडे चरत होते, हे विधान कोणी तोंडी केले असते तर ते थट्टेवारी गेले असते. ते विद्वानांनी स्वीकारले, याचे कारण फूट यांनी हाड कोठे मिळाले, कोणत्या थरात मिळाले, त्या थराच्या वर काय व खाली काय होते, हे हाडाइतक्याच काळजीने टिपले. पुढे त्या जातीचे स्थान काय, तिला वेगळी जात मानावी की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. परंतु घटप्रभेकाठी गेंडा होता, ही गोष्ट त्या मतभेदांतूनही उभी राहिली.

आता माशाकडे वळावे. येथे पहिला प्रश्न खडकाचा. निपाणीपासून बेळगावपर्यंत बराचसा भाग ज्या काळ्या कातळावर वसला आहे, तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तप्त लाव्हारसात मासा टिकत नाही. गोकाकच्या धबधब्याचा कडा सुमारे १७० फुटांचा. पण तो ज्या कलादगी वालुकाश्माचा आहे, तो तर मत्स्यकुळाचा जन्म होण्याच्या फार पूर्वीचा. म्हणून या भागात माशाचा जीवाश्म सापडण्याच्या जागा दोनच उरतात. एक, लाव्हारसाच्या दोन थरांमधील काळात साचलेल्या तळ्यांचा गाळ. गोकाक तालुक्यातील मामदापूर येथे असा गाळ आहे आणि त्यात गोड्या पाण्यातील प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत. दुसरी जागा म्हणजे नद्यांच्या काठचा जुना गाळ, ज्यात चिकडौलीचा गेंडा सापडला. पहिल्यातील मासा कोट्यवधी वर्षांचा असेल. दुसऱ्यातील हजारो वा लाखो वर्षांचा, आणि बहुधा आजच्याच एखाद्या कुळातील. हाड हातात घेण्यापूर्वी पायाखालचा खडक पाहिला, तर निम्मी चूक टळते.

महाराष्ट्रातील अश्मीभूत माशांची कथा सुरू होते ती प्राणहिता नदीच्या काठी. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील कोटा या गावाजवळ चुनखडीचे पातळ थर आहेत. त्या थरांत दडलेले मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विद्वानांपुढे आले. १८५१ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या एका अश्मीभूत माशाविषयी टिपण दिले आणि त्याचे शास्त्रीय वर्णन सर फिलिप एगर्टन यांनी केले. ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ हे त्याचे नाव. पाठोपाठ १८५२ मध्ये डॉ. बेल यांनी कोटा परिसराच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले.

एगर्टन यांनी हा मासा ओळखला कसा? त्याच्या खवल्यांवरून. आजच्या रोहू-कटल्याचे खवले पातळ, वाटोळे आणि लवचीक असतात. कोट्याच्या माशाचे खवले जाड, चौकटीच्या आकाराचे आणि वरून दातासारख्या चकचकीत लुकणाने मढवलेले होते. कौलांप्रमाणे एकमेकांत अडकवून त्यांनी अंगावर चिलखतच चढवले होते. असे चिलखती मासे युरोपातील ज्युरासिक खडकांत विपुल सापडत आणि एगर्टन यांच्या संग्रहात त्यांचे नमुने होते. तुलना करताच नाते जुळले आणि नात्याबरोबर काळही जुळला. ज्या मध्य भारतातील खडकांत वय सांगणारे सागरी शंखशिंपले नव्हते, त्या खडकांचे वय एका माशाने सांगितले. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेचे एस. एल. जैन यांनी १९७३ व १९८३ मध्ये या माशांचा नव्याने अभ्यास केला. त्याच कोटा खडकांतून मिळालेल्या प्रचंड डायनोसॉरला १९७५ साली ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव मिळाले.

कोट्याच्या माशावर पहिले टिपण लिहिणारे कर्नल सायक्स जीवाश्मांपेक्षा जिवंत माशांचे अधिक जाणकार होते. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून ते १८२४ ते १८३१ या काळात दख्खनभर हिंडले आणि येथील माशांचे त्यांनी शास्त्रीय वर्णन केले. विशेष असे की, नावे देताना त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडची नावे उचलली. खुद्री, कोलस, नुक्ता ही नावे आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत लॅटिन नामावलीत बसली आहेत. नाकाडावर टेंगूळ असलेला नुक्ता हा कृष्णेच्या खोऱ्यातील मासा. म्हणजे येथील कोळ्यांचे ज्ञान शास्त्राने प्रमाण मानले, याचा तो लेखी दाखला होय. जुने हाड ओळखण्याचा मार्गही अशाच जिवंत माशाच्या सांगाड्यातून जातो.

तो मार्ग पायरीपायरीने सांगता येईल. पहिली पायरी : हे हाड आहे की दगड? काळ्या मातीखालच्या गाळात चुनखडीचे गाठाळ खडे तयार होतात, ज्यांना लोक कंकर म्हणतात. त्यांचे आकार बोटासारखे, सांध्यासारखे, कधी हुबेहूब मणक्यासारखे असतात. कंकर फुटला तर आत एकजिनसी चुना किंवा माती दिसते. हाडाच्या तुटलेल्या कडेत मात्र मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. भिंगाखाली हा फरक शाळकरी मुलालाही कळतो.

दुसरी पायरी : हाड जुने आहे की कालचे? रंगावरून हा निर्णय देणे धोक्याचे. लोह आणि मँगनीज असलेल्या पाण्यात पडलेले हाड थोड्या वर्षांतही काळे-तांबूस होते. वजन अधिक उपयोगी पडते, कारण अश्मीभूत हाडाच्या पोकळ्यांत खनिजे भरलेली असतात. पण खरी साक्ष थराची. गाळाच्या अभंग थरात रुतलेले हाड आणि वाळूच्या ढिगावर पडलेले हाड यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे सहीशिक्क्याच्या दस्तऐवजात आणि रस्त्यावर सापडलेल्या चिठ्ठीत असते.

तिसरी पायरी : प्राणी कोणता? सस्तन प्राण्याच्या लांब हाडाला मज्जेची पोकळी असते. माशाचा मणका दोन्ही बाजूंनी खोलगट असतो, उभा कापला तर अगदी डमरूसारखा, आणि त्या खोलगट तोंडावर झाडाच्या खोडासारखी वाढीची वर्तुळे दिसतात. एवढी खूण लक्षात ठेवली तरी माशाचा मणका सहसा चुकत नाही.

चौथी पायरी सर्वांत फसवी. कारण माशाची ‘विचित्र’ हाडे येथे येतात. रोहूच्या कुळातील माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. घशातले ते कमानदार, दातेरी हाड वाळूत सापडले, की एखाद्या लहान हिंस्र पशूचा जबडा सापडल्याचा भास होतो. मिशावाल्या शिंगाळ्याच्या पंखाचा पुढचा काटा करवतीसारखा दातेरी आणि बुंध्याशी गुंतागुंतीच्या सांध्याचा असतो. तो बाणाचे टोक म्हणून जपून ठेवला जाण्याची भीती असते. त्याच माशाच्या कवटीचे खरबरीत तुकडे कासवाच्या पाठीचे वाटतात. घोळ माशाच्या कानातील खडा पांढऱ्या गारेसारखा दिसतो.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे फुगलेली हाडे. काही समुद्री माशांत ठरावीक हाडे वयानुसार सुजल्यासारखी फुगतात आणि गुळगुळीत गोट्यांसारखी होतात. हा रोग नव्हे. त्या त्या जातीत हे फुगीर भाग ठरलेल्या जागीच येतात. जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत काम केलेल्या टिली एडिंगर या विदुषीच्या नावावरून अभ्यासक त्यांना ‘टिली हाडे’ म्हणतात. वाकटीच्या सांगाड्यात असे फुगवटे आढळतात. बेळगावच्या बाजारात गोव्याची आणि कोकणची मासळी येते. तेव्हा नदीकाठी मिळालेला गोटीसारखा हाडाचा गोळा लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राचा पुरावा नसून गेल्या रविवारच्या जेवणाचा अवशेष असू शकतो. वाकटीच्या एका हाडावरून वेदगंगेला समुद्र टेकवणे सोपे आहे. ते विधान मागे घेणे मात्र फार कठीण जाते.

एखाद्या दातावरून समुद्राचा वाद खरोखरच उभा राहतो, याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचे. लाव्हारसाच्या काळातील तेथील गाळातून मिळालेल्या माशांचे वर्णन ब्रिटिश संग्रहालयाचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली केले. त्यांत एक लेपिडोस्टियस कुळातील होता. त्या कुळाचे वंशज आज फक्त उत्तर व मध्य अमेरिका आणि क्यूबा येथेच उरले आहेत. दुसरा गोल गुंड्यांसारख्या दातांचा पिक्नोडस. त्याचे भाऊबंद प्रामुख्याने समुद्री. तिसऱ्या माशाला, ‘इओसेरानस हिस्लॉपाय’ला, नागपूरचे मिशनरी व भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांचे नाव दिले गेले. हे हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटहून परतताना बोरीजवळ नदीच्या पुरात बुडून मरण पावले. डोंगरगावचे पाणी गोडे होते की समुद्राशी त्याचा संबंध होता, ही चर्चा पुढे बराच काळ चालली, आणि तिच्या केंद्रस्थानी होते ते नखाएवढे दात.

या वुडवर्ड यांच्याच चरित्रात सावधगिरीचा दुसरा धडा आहे. माशांच्या जीवाश्मांचा त्यांच्या तोडीचा जाणकार त्या काळी क्वचितच होता. तरीही १९१२ साली इंग्लंडातील पिल्टडाउन येथे नदीच्या जुन्या खडीत सापडलेल्या कवटीला त्यांनी आदिमानव म्हणून जगापुढे ठेवले. ती कवटी माणसाची होती आणि जबडा ओरांगउटानचा. रंग लावून, दात घासून कोणीतरी ते खडीत पेरले होते. जमिनीत पुरलेले हाड भूजलातील फ्लोरीन हळूहळू शोषते, या तत्त्वावर केनेथ ऑकली यांनी केलेल्या तपासण्यांनी संशय बळावला आणि १९५३ साली बनाव उघड झाला. चाळीस वर्षे मानवाच्या उत्क्रांतीचा अभ्यास त्या एका खोट्या हाडाभोवती अडखळत राहिला. विद्वत्ता कमी पडली असे नाही. नदीच्या खडीत हाड आले कसे, हा साधा प्रश्न पुरेशा कठोरपणे विचारला गेला नाही.

हा प्रश्न विचारण्याची परंपरा या भागाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे र. वि. जोशी यांनी मलप्रभेच्या खोऱ्याचा अभ्यास १९५५ साली ग्रंथरूपाने दिला. त्याच संस्थेचे आर. एस. पप्पू यांचा कृष्णेच्या वरच्या खोऱ्यावरील ग्रंथ १९७४ साली निघाला. गो. ल. बदाम यांनी १९७९ मध्ये भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्याआधी, १९०५ साली, गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वर येथे मिळालेल्या प्राचीन हत्तीची नोंद पिलग्रिम यांनी केली होती. अभ्यासकांनी थर वाचले, गोटे मोजले, हाडे जुळवली. परंतु अभ्यासक वर्षातून काही दिवस येतो; नदी रोज पाहतो तो तिच्या काठचा शेतकरी, कोळी, शाळामास्तर आणि वाळू भरणारा मजूर. पहिले हाड त्यांच्याच हाती लागते.

आणि वेळ फार नाही. वाळूचा उपसा यंत्रांनी होऊ लागल्यापासून जे थर साचण्यास हजारो वर्षे लागली, ते एका हंगामात ट्रकात भरले जातात. काठच्या गाळाची माती विटांसाठी जाते. उपशात हाड मिळालेच तर ते ढिगातून मिळते. कोणत्या दरडीतले, किती खोलीवरचे, हे सांगायला कोणी उरत नाही. हाड वाचते आणि त्याची साक्ष मरते. चिकडौलीचा गेंडा आज उपशाच्या ढिगात निघाला असता, तर त्याला ‘डेक्कनेन्सिस’ हे नाव मिळाले असते की ‘कुठलेसे जुने हाड’ म्हणून तो एखाद्या कोनाड्यात पडून राहिला असता, याचा विचार अवश्य व्हावा.

ग्रंथालयाच्या सभासदांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. दाखल क्रमांक नसलेले पुस्तक कपाटात असूनही हरवलेले असते, हे ग्रंथपालाइतके कोणास ठाऊक? अस्थींचेही तसेच आहे. हाड मिळाल्यास ते धुऊन, घासून, वार्निश लावून चकचकीत करू नये. थरात रुतलेले असेल तर ते उपटू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गाव, नदी, काठ उजवा की डावा, दरडीच्या माथ्यापासूनची खोली, दिनांक आणि पाहणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. मग ती नोंद व छायाचित्र महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे, डेक्कन कॉलेजकडे किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे पाठवावे. जाणकाराचे उत्तर ‘हे म्हशीचे हाड आहे’ असे आले तरी खट्टू होऊ नये. तीही नोंदच आहे आणि पुढच्या शोधकाचा एक भ्रम तिने वाचवलेला असतो.

दुसरे काम याहून सोपे. आपल्या नद्यांतील शिंगाळा, मरळ, वाम, खडस अशा माशांचे सांगाडे उकळून, स्वच्छ करून, हाडागणिक चिठ्ठी लावून एका पेटीत ठेवले, तर कोणत्याही सापडलेल्या हाडाची पहिली तुलना गावातच होऊ शकते. एगर्टन यांच्याकडे युरोपच्या माशांचा संग्रह होता, म्हणून कोट्याचा मासा ओळखला गेला. ज्यांच्या घरात रोज मासा शिजतो, त्यांच्यापाशी असा संग्रह असू नये, हे काही भूषणावह नाही. मासा भाषा किंवा जिल्ह्याची हद्द पाहून पोहत नाही. तेव्हा या पेटीवरील चिठ्ठ्या मराठीबरोबर कन्नडमध्येही असाव्यात, कारण नदीकाठच्या अर्ध्या नावांचे धनी ते आहेत.

शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेने एक नोंदवही आणि एक पेटी वाढवली, तर तिच्यावर फार भार पडेल असे नाही. बेळगाव जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटिअर आणि फूट यांचा प्रबंध ज्या कपाटात शोभतील, त्याच्या खालच्या फळीवर ती मावेल. पुढच्या पुराने घटप्रभेच्या किंवा वेदगंगेच्या काठावर काय उघडे पडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. ते पाहणाऱ्याला काय लिहून ठेवावे हे ठाऊक असावे, एवढे मात्र आजच ठरवता येईल.